लांबची लेन्स

आमच्या वैशाखरे गावातून समुद्र दिसत नाही, माळशेजचे डोंगर दिसतात. तरी मला जहाजांचे फोटो काढायचा नाद आहे. मी मुरबाडच्या एका कारखान्यात नोकरी करतो. सुट्टी मिळाली की एसटीने कल्याण, तिथून मुंबईतला भाऊचा धक्का गाठायचा, लाँचमध्ये बसायचं आणि नांगरून उभी असलेली मालवाहू जहाजं टिपायची. गावात कुणी विचारलं तर "काम होतं" एवढंच सांगायचो. भातशेतीच्या घरातला पन्नाशीचा माणूस जहाजांमागे फिरतो, हे सांगायला लाज वाटायची.

गेल्या थंडीत आई गेली. सापगावला दिलेली बहीण तेराव्यापर्यंत थांबली होती. ती म्हणाली, "तुज्याकडं कॅमेरा हाय. आईचा बरासा एक फोटो दे, फ्रेम करू."

मी लॅपटॉप उघडला. ती शेजारी बसली. तांबड्या पोटाची जहाजं, गंजलेली जहाजं, कंटेनर रचलेली, संध्याकाळच्या उन्हातली. मी पुढे पुढे सरकवत राहिलो. बहीण बराच वेळ बघत होती. रागावली नाही.

"यात आई नाय रे," ती हळूच म्हणाली.

मोबाइलमध्येही नव्हती. एका लग्नाच्या फोटोत कडेला तिचा नुसता खांदा आणि पदर होता. शेवटी मुरबाडच्या स्टुडिओवाल्याने आधार कार्डावरचा फोटो मोठा करून दिला. त्यात आई डोळे ताणून, घाबरल्यासारखी बघते. तेराव्याला तिच्याबरोबर जन्मभर भातलावणीला गेलेली एक म्हातारी हातात फूल घेऊन फोटोपुढे उभी राहिली आणि बहिणीला विचारू लागली, "ही कोन गो?"

मी मागेच उभा होतो. तिथून निघालो आणि पंगत उठेपर्यंत गोठ्यात बसून राहिलो. तिथे मला दिवाळीतली गोष्ट आठवली. बहिणीने आणलेलं नवं लुगडं नेसून आई ओट्यावर येऊन बसली होती. "माजा बी काढ एक," म्हणाली. मी लेन्स पुसत होतो. म्हटलं, "ही लांबचं काढायची लेन्स हाय, आई. जवळचं येत नाय हिच्यात." ते खोटं नव्हतं. पण खळ्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो असतो तरी ती फोटोत आली असती. "ऱ्हाऊ दे," म्हणत ती आत गेली.

जहाजंच का, असं लाँचवर कुणी विचारलं, तर मी त्यांचा आकार, रंग, झेंडे असं काहीबाही सांगायचो. खरं कारण एवढंच, की जहाज वळून बघत नाही. माणसावर कॅमेरा धरला की ते केस सावरतं, हसतं, मग "दाखव" म्हणतं. त्या नजरेपुढे मी अवघडून जातो. जहाजाला आपल्याकडून काही नको असतं.

काही महिने कॅमेरा कपाटात ठेवला. मग एका रविवारी पुन्हा गेलो. एक निळं अजस्र जहाज सावकाश वळत होतं, ऊन नेमकं अंगावर. फोटो उत्तम आले, आणि तेवढा वेळ आई एकदाही मनात आली नाही. परतताना एसटीत ते ध्यानात आलं. कॅमेऱ्याची पिशवी मी सीटखाली सरकवली.

तेवढ्यात बहिणीचा फोन आला. कुठे गेला होतास, विचारलं.

"धक्क्यावर. जहाजं काढायला."

ती म्हणाली, "सापगावला ये एकदा. आमचे बी काढ."

येतो म्हटलं. अजून गेलेलो नाही.