कै. वसंत कॉलिंग

आठल्ये गुरुजींचा फोन वाजला की पडद्यावर बहुतेक वेळा मेलेल्या माणसाचं नाव यायचं. आमच्या घरचा नंबर त्यांनी माझ्या वडिलांच्या नावावर टाकला होता आणि वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. आई सत्यनारायणाची तारीख विचारायला फोन करायची आणि तिकडे इंग्रजी अक्षरांत उमटायचं, कै वसंत कॉलिंग. गुरुजी शांतपणे झाकण उघडायचे, कानाला लावायचे आणि म्हणायचे, “बोला.” मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला होता. ते हसून म्हणाले, “अरे विनू, पुरोहिताकडे घरं मेलेल्यांच्याच नावानं लागतात. जिवंत माणसं जागा बदलतात. गिरगावातून उठतात, भाईंदरला येतात, उद्या विरारला जातील. मेलेली कुठे जात नाहीत.”

ते स्वतःही गिरगावातूनच उठून जेसल पार्कला आले होते. आमच्यासारखी जी मराठी कुटुंबं शहरातली एक खोली विकून खाडीकाठच्या या इमारतींत आली, त्यांच्यात आजोबांचं नाव धड सांगता येणारी माणसं थोडीच होती. श्राद्धाला बाप, आजा, पणजा अशी तीन नावं लागतात. पहिलं सगळ्यांना यायचं, दुसऱ्याला आवंढा गिळायचे आणि तिसऱ्याला गुरुजींकडे बघायचे. गुरुजींना मात्र सगळं पाठ असायचं. तुमचा पणजा, त्याचे भाऊ, त्यातला कोण लहानपणीच गेला, सगळं. मंत्र म्हणता म्हणता ते मध्येच तुमच्या घराण्याची अशी एखादी गोष्ट सांगत की वाटावं, हा माणूस आपल्या घरात आपल्याआधीपासून राहतोय.

अर्थात त्यातलं अर्धं पाठांतर त्यांच्या पत्नीचं, सुशीलाकाकूंचं होतं, हे फार थोड्यांना ठाऊक होतं. आज कुणाची तिथी, कुठल्या इमारतीत, तिथे कोणत्या विषयावर तोंड उघडायचं नाही, हे सगळं निघताना दारात उभं राहून त्या सांगत. काकू गेल्या आणि दोन-तीन महिन्यांत गुरुजी एका सकाळी माझ्या दुकानात आले. एका यजमानाच्या परदेशातल्या मुलानं दिलेलं एक जाडजूड यंत्र त्यांनी काउंटरवर ठेवलं. म्हणाले, “हे शिकव मला. आजपासून तू यंत्रोपाध्ये.”

मोबाइल दुरुस्तीचं ते दुकान माझं आणि नया नगरच्या इरफानचं भागीतलं होतं. यंत्र होतं झाकणाचा फोन आणि ऑर्गनायझर असं दोन्ही एकात. इरफाननं ते उघडून-मिटून पाहिलं आणि निकाल दिला, “ये फोन नहीं है भाई, समझौता है.” खरंच होतं ते. खिशात मावावं म्हणून त्याला झाकण दिलेलं, आणि पत्ते, तारखा दिसाव्यात म्हणून मोठा पडदा हवा, तर तो त्या झाकणावरच बसवलेला. म्हणजे सोबतच्या प्लास्टिकच्या काडीनं लिहायचं ते झाकणावर, आणि लिहिण्याचा सगळा दाब यायचा बिजागरीवर. तिच्या आतून केसाएवढ्या तारांची एक पट्टी जायची. ती तुटली की पडदा आंधळा.

पण खरी भीती वेगळीच होती. त्यातल्या सगळ्या नोंदी बॅटरीच्या जिवावर होत्या. नुसता ऑर्गनायझर असता तर ती बॅटरी आठवडाभर पुरली असती, पण फोन ती दिवसात खाऊन टाकायचा. बॅटरी पूर्ण उतरली की नोंदी पुसल्या जायच्या, कोरी पाटी. आत आधाराला एक चिमुकला सेल होता, पण जागा वाचवायच्या नादात तो इतका लहान केलेला की बॅटरी काढली तर पाचेक मिनिटं धीर धरायचा. मी हे सगळं गुरुजींना समजावलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाले, “यंत्राला विटाळ नाही, पण विसर आहे. असं म्हण ना.”

“मग वहीच बरी की, गुरुजी.”

“वहीत शोधायला आधी आठवावं लागतं,” ते म्हणाले. “यात नुसतं विचारावं लागतं.”

हे वाक्य मी तेव्हा गमतीत घेतलं. त्या गमतीची आज लाज वाटते.

मराठी त्या यंत्राला येत नव्हतं, म्हणून नावं इंग्रजी अक्षरांत टाकली. प्रत्येक कुटुंबाचा एक कप्पा केला. पण कप्प्यात जिवंत आणि मेलेले एकाच यादीत, कारण फोन आणि ऑर्गनायझर यांची नावांची यादी एकच. यंत्र बनवणाऱ्यांना ती मोठी सोय वाटली असणार. मग मी युक्ती काढली. गेलेल्यांच्या नावाआधी के, ए, आय लावायचं, म्हणजे कै. यंत्र नावं अक्षरानुक्रमे लावतं, तेव्हा मेलेली सगळी आपोआप एकाखाली एक येतात. गुरुजी खूश झाले. “वा! स्मशानाला कुंपण घातलंस,” म्हणाले.

पुढची दोन वर्षं ते यंत्र आसनाशेजारी, पळी-पंचपात्राच्या बाजूला असायचं. काडीला ते दर्भ म्हणत. झाकण उघडायचं, एक नजर, टक्कन मिटायचं, आणि मग तोच खणखणीत आवाज. मंत्रांत कधी एक मात्रा चुकली नाही. म्हणूनच कुणाला संशय आला नाही. मला मात्र बारीकसारीक गोष्टी दिसायला लागल्या. दुकानात येऊन ते आधी झाकण उघडून माझी नोंद बघत आणि मगच “काय विनू” म्हणत. एकदा मोरव्याच्या एका घरातून म्हातारीचा फोन आला, “गुरुजी तुमच्याकडं हायत का? सकाळधरनं वाट बघताव, आले न्हाय.” मी शोधायला निघालो. गुरुजी जेसल पार्कच्या मागे खाडीच्या कडेला उभे होते, धोतर नीट नेसलेलं, पिशवी खांद्याला, फोन हातात बंद. मला बघून म्हणाले, “बॅटरी गेली रे.” इतकंच. मी चार्जिंगला लावलं, सुदैवानं थोडी धुगधुगी होती. नोंदी वाचल्या आणि मी त्यांना रिक्षानं मोरव्याला सोडलं.

मग आली सर्वपित्री अमावास्या. आमच्याकडे त्या दिवशी सगळ्या गेलेल्यांना पाणी देतात. माझा मोठा भाऊ मस्कतला, त्यामुळे पाटावर मी. आई स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची घेऊन बसलेली. गुरुजी नाव सांगत होते, मी ते म्हणत होतो आणि अंगठ्यावरून तीळ घातलेलं पाणी सोडत होतो. काका दत्तात्रय, आजोबा नरहरी, वडील वसंत. यादीच्या क्रमानं यायची म्हणून नावं उलटसुलट यायची, पण त्याची सवय झाली होती. एकदा ती लय लागली की डोकं चालत नाही, नुसतं तोंड चालतं.

गुरुजींनी झाकणाकडे पाहिलं. क्षणभर थांबले. म्हणाले, “भाऊ. कैलास. म्हण, तर्पयामि.”

आणि मी म्हटलं. कैलास म्हटलं, तर्पयामि म्हटलं, पाणी सोडलं. पाणी ताम्हणात पडलं तेव्हा आईच्या हातातली वाटी खाली पडली आणि मला कळलं मी काय केलं ते. कैलास म्हणजे माझा दादा. जिवंत, मस्कतला. त्याच्या नावातच के, ए, आय. यंत्रानं त्याला बिनचूक मेलेल्यांच्या रांगेत शेवटी बसवलं होतं, आणि रांग मी आखली होती.

गुरुजी पुढचा मंत्र म्हणत होते. त्यांना काहीच कळलं नव्हतं. आई उठली नाही, ओरडली नाही. ते गेल्यावर मात्र फोनजवळ जाऊन बसली. दादाचा नंबर लागत नव्हता. “मेल्याची अफवा उठली की आयुष्य वाढतं म्हणतात,” ती म्हणाली. “म्हणतातच ना रे?” मी हो म्हटलं. तीन दिवस नंबर लागला नाही. त्या तीन दिवसांत आई दिवसातून दहादा ते वाक्य म्हणायची आणि मी दहादा हो म्हणायचो. मला स्वतःच्या तोंडाची भीती वाटत होती. चौथ्या दिवशी दुपारी दादाचाच फोन आला. वाळवंटात कुठल्या तरी साइटवर होता, तिथे रेंज नव्हती. आईनं त्याला काही सांगितलं नाही. जेवलास का, एवढंच विचारलं आणि रिसीव्हर ठेवून रडली.

मी गुरुजींच्या घरी गेलो. युक्ती माझी, चूक माझी, असं म्हणून मोकळं व्हायचं ठरवलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “यंत्राची चूक नाही रे. कैलासची मुंज मी लावलीये. मला आठवायला हवं होतं तो कुठाय ते. भाऊ आहे एवढं आठवलं. जिवंत आहे ते नाही आठवलं.” त्यांचे हात मांडीवर स्थिर होते, आवाज मात्र खाली गेला होता. “कुणाला सांगू नकोस, विनू. हे एकदा बाहेर गेलं की मला कोण उंबरठ्याच्या आत घेईल? आणि मला दुसरं येतं काय? सकाळी उठून कुठे जायचं मी?”

मी सांगितलं नाही. आईनंही नाही. बरोबर केलं की चूक, अजून ठरत नाही. एक बोलावणं चुकलं असतं, दुसरं चुकलं असतं, लोकांना कळलंच असतं. पण माणूस ज्या एका खुंटीच्या आधारानं उभा आहे ती आपल्या हातानं काढवत नाही.

बिजागरी पुढच्या पावसाळ्यात गेली. पडद्यावर आडव्या रेघा आल्या. गुरुजींनी यंत्र दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं आणि विचारलं, “आतलं राहील ना?” पट्टी बदलायची तर बॅटरी काढायलाच हवी होती, आणि काम पाच मिनिटांत होणारं नव्हतं. संगणकाला जोडायची तार त्या देणाऱ्यानं दिलीच नव्हती. मी म्हटलं, सगळं आधी उतरवून घेतो, मग परत भरतो, दोन दिवस द्या.

झाकण एका ठरावीक कोनात धरलं तरच अक्षरं दिसत. इरफाननं ते दोन बोटांत धरलं आणि एकेक नोंद वाचायला लागला, मी वहीत लिहायला लागलो. दुपारभर तेच चाललं. कै अनंत, कै बाळकृष्ण, कै गोविंद. इरफान मध्येच म्हणाला, “भाई, इसमें कोई ज़िंदा भी है क्या?” होते. माझ्या नावापुढे लिहिलं होतं, वसंतचा धाकटा, फोन दुरुस्त करतो. आणि दादाच्या नावापुढे, कैलास जिवंत आहे, दोनदा. तिथे माझा हात जरा थांबला.

नावं संपली. इरफाननं काडी फिरवली. “एक अलार्म है. रोज़ का, सुबह छह बजे.” त्यानं अडखळत अक्षरं जुळवली, “सुशीला गेली. हाक मारू नको.” आणि माझ्याकडे बघून विचारलं, “मतलब?”

मी त्याला मतलब सांगितला.  झाकण त्यानं नंतरही कितीतरी वेळ तसंच धरून ठेवलं होतं.

पट्टी बदलली. पडदा लख्ख झाला आणि आत काही नव्हतं. दोन दिवस बसून मी नावं परत भरली, या वेळी गेलेल्यांचा कप्पा वेगळा केला. ती एक नोंद तेवढी भरली नाही. मनात म्हटलं, कुणाला काय कळणार आहे? रोज सकाळी सहाला त्या माणसाला ही बातमी नव्यानं द्यायची, ते माझ्या हातून नको. मला त्यात दया वाटत होती. दोन दिवस यंत्र माझ्याकडे आहे आणि गुरुजी घरात एकटे आहेत, हे मात्र डोक्यात आलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुकान उघडतोय तोवर ते आले. उपरणं विसरलेलं, पायात दोन वेगळ्या चपला. हातात पिशवी नाही. “सुशीला इकडे आली होती का रे?” त्यांनी विचारलं. “कालपासून हाका मारतोय. शेजारी म्हणतात ओरडू नका. कुठे गेली ते कुणी सांगत नाही.”

मी इरफानकडे पाहिलं. तो मान खाली घालून चहा आणायला निघून गेला. यंत्र काउंटरवर तयार होतं. नुसतं उचलून द्यायचं होतं. त्यांना रिक्षात बसवून घरी सोडायचं, आणि त्या दिवशीही ते हाका मारत राहिले असते.

“बसा, गुरुजी,” मी म्हटलं. “एक नोंद भरायची राहिलीये.”

मी काडी काढली. झाकणावर एकेक अक्षर लिहायला लागलो. वर्षापूर्वी जिवंत भावाला मी बेसावधपणे पाणी दिलं होतं. हे मी पूर्ण शुद्धीत करत होतो. गुरुजी स्टुलावर बसून शांतपणे बघत होते, एखादा यजमान बघतो तसे. नोंद झाली, सकाळची सहाची वेळ लावली, आणि यंत्र त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी ते लांब धरून वाचलं. मग जवळ आणून पुन्हा वाचलं. ओठ हलत होते. पुढच्याच महिन्यात त्यांचा मुलगा येऊन त्यांना नाशिकला घेऊन गेला आणि त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही, त्यामुळे माझ्याकडे राहिलेला त्यांचा चेहरा हाच आहे.

“हे मीच लिहिलं होतं ना?” त्यांनी विचारलं.

“हो, गुरुजी. तुम्हीच.”

“शब्द हेच होते?”

“हेच.”

त्यांनी झाकण हलकेच मिटलं, बिजागरीला त्रास होऊ नये इतकं हलकेच.

“मग खरं असणार,” ते म्हणाले.