सिद्धप्पांच्या छातीची बातमी

नवी पेठेतल्या सिद्धप्पांच्या मॅचिंग सेंटरात कुणी बाई साडी घेऊन आली, की सिद्धप्पा पदराचं टोक उजेडाकडे धरायचे आणि म्हणायचे, "हा वांगी कलर नाही वहिनी, हा पिकल्या जांभळाचा." मग शिडीवर चढून नेमका तोच ब्लाऊजपीस खाली टाकायचे. उभा जन्म बायकांशी बोलण्यात गेलेला. अस्तर, बाही, मागचा गळा, कशालाच ते अडखळायचे नाहीत. फक्त 'स्तन' हा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नव्हता. गरज पडलीच, तर ते "वरचं माप" म्हणायचे.

त्यांची थोरली बहीण चन्नम्मा, म्हणजे अक्का. तिला पंचेचाळिशीत स्तनाचा कॅन्सर झाला आणि ती बरीही झाली. मध्ये बरीच वर्षं गेली आणि दुसऱ्या बाजूला गाठ आली. तीही लवकर सापडली, ऑपरेशन झालं, आणि अक्का डोक्याला स्कार्फ बांधून पुन्हा सगळ्या घराला कामाला लावू लागली. या खेपेला डॉक्टर सुकन्यांनी माहेरची चौकशी केली. या भावंडांची आई तरुणपणीच गेली होती. "गाठीनं गेली," एवढंच घरात म्हणायचे. गाठ कुठं होती, ते पोरांना कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी अक्काचं रक्त तपासायला पाठवलं, तेव्हा कळलं की तिच्या जनुकातच एक दोष आहे, जन्मापासूनचा, बहुधा आईकडून आलेला.

"आता सिद्धूचं रक्त तपासायचं," अक्का म्हणाली.

"माझं? अक्का, हे बायकांचं दुखणं हाय की!"

"आईचं नाक तुला आलंय ना? ते काय बायकांचं नाक होतं?"

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. हा दोष मुलीला येऊ शकतो तसा मुलालाही, आणि मुलाकडून पुढं त्याच्या लेकीला. क्वचित पुरुषालाही हा कॅन्सर होतो. दोष असला म्हणजे रोग झालाच असं नाही, पण मग तपासण्या तरुणपणीच सुरू करायच्या.

सिद्धप्पांच्या डोळ्यांपुढं महेश्वरी उभी राहिली. एकुलती लेक, वय एकोणतीस, सात रस्त्याजवळच्या बँकेत नोकरी. मंगळवेढ्याच्या शरणबसवशी तिचं लग्न ठरत आलेलं. त्यांनी घरात बजावलं, "ह्यातलं एक अक्षर उंबऱ्याबाहेर जाता कामा नये."

सोमवारी ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी ते रक्त द्यायला दुकानातून निघाले. समोरच्या भांड्यांच्या दुकानातून चनबसप्पानं हाक मारली, "काय बे, कुटं?"

"जरा... छातीची तपासणी हाय."

दुखणं छातीचंच, म्हणजे खोटं बोललो नाही, याचं सिद्धप्पांना समाधान वाटलं. ते फार टिकलं नाही. दुपारी पेठेत त्यांना एक ब्लॉकेज होतं, दिवे लागेपर्यंत तीन झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्यानं सोललेला लसूण आणून दिला. कुणी अर्जुनाची साल आणली. एका गिऱ्हाईक बाईनं तर त्यांना शिडीवर चढूच दिलं नाही; खाली बसवलं, स्वतः चढली आणि सगळा मोरपंखी गठ्ठा त्यांच्या डोक्यावर पाडला. पेठेत सहानुभूती इतकी वाढली, की कुणी भावात घासाघीसही करेना. हे मात्र सिद्धप्पांनी चालवून घेतलं.

रिपोर्ट आला. दोष त्यांच्यातही होता. महेश्वरीनं दुसऱ्याच दिवशी स्वतःचं रक्त दिलं.

त्याच आठवड्यात शरणबसवची आई गौरम्मा एसटीनं सोलापुरात उतरल्या आणि थेट दुकानात आल्या. चनबसप्पा मागोमाग स्टूल घेऊन आला, ऐकायला.

"हार्टचं घराण्यात असतं का हो तुमच्या?" गौरम्मांनी पाणीही न पिता विचारलं. "लपवलं कशाला आमच्यापासून?"

सिद्धप्पांना घाम फुटला. तो बघून चनबसप्पानं पंखा वाढवला. जे लग्न सांभाळायला एवढं झाकलं, ते भलत्याच दुखण्यानं मोडायला निघालं होतं.

"हार्ट नाही हो!" सिद्धप्पा ओरडले. "स्तन! स्तनाचा कॅन्सर! म्हणजे मला नाही झालेला. आमच्या घराण्यात आहे. माझ्या रक्तात दोष निघालाय, आणि महेश्वरीतही असू शकतो. झालं? आता काय म्हणायचं ते म्हणा."

दुकानातल्या चार बायकांच्या हातातली कापडं तशीच राहिली. चनबसप्पा स्टुलावरून अर्धा उठला.

"ते होय?" गौरम्मा म्हणाल्या. "ते तर महेश्वरीनं शरणबसवला केव्हाच सांगितलंय. तिच्याबरोबर तोही दवाखान्यात गेला होता. तुमच्या हार्टचंच कुणी बोललं नाही, म्हणून मी आले." आणि मग त्यांनी पाणी मागितलं.

महेश्वरीच्या रक्तातही तोच दोष निघाला. त्या संध्याकाळी सिद्धप्पा जेवले नाहीत. "मीच दिलं तुला हे," एवढंच म्हणाले.

"आजीनं तुम्हाला मुद्दाम दिलं का, आप्पा?" तिनं त्यांचं ताट पुढं ओढलं. "तिला कळलंच नाही. मला वेळेवर कळलंय. जेवा." सिद्धप्पांनी मान खाली घालून भाकरी मोडली.

पहिल्या एमआरआयला ते तिच्यासोबत गेले. आत मशीन खडखडत होतं आणि बाहेर सिद्धप्पा तिचे कानातले मुठीत आवळून बसले होते. तिथल्या नर्सनं त्यांचा चेहरा बघून विचारलं, "काका, पेशंट तुम्हीच का?"

महेश्वरी बाहेर आली ती हसतच. "आत डीजे लावलाय, आप्पा. नुसता आवाज, गाणं एक नाही."

चार दिवसांनी दोघं रिपोर्ट घ्यायला गेले. काही निघालं नव्हतं. दरवर्षी असंच तपासायचं. ऑपरेशनसारख्या मोठ्या गोष्टींचा विचार पुढं, निवांत बसून करू, असं डॉक्टर म्हणाल्या. सिद्धप्पांनाही त्यांनी स्वतःची छाती हातानं कशी चाचपायची ते दाखवलं. त्यांनी ते दारं लावून शिकून घेतलं.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता त्यांनी अक्काला फोन लावला. "अक्का, क्लिअर आहे! एकदम क्लिअर!"

पलीकडून अक्कानं नाक ओढल्याचा आवाज आला. "बरं झालं. पुढच्या वर्षीची तारीख घेतलीस का?"

सिद्धप्पांनी लेकीकडं बघितलं, लेकीनं त्यांच्याकडं. दोघांनी मुकाट्यानं पुन्हा पायऱ्या चढायला सुरुवात केली.