परदेशातून ऑर्डर, लालबागात फिटिंग

आमच्या दादरच्या दुकानात दोन गोष्टी साचतात. रिकामी खोकी आणि किस्से! खोकी भंगारवाला नेतो. किस्से कोण नेणार? मुलंमुली परदेशातून स्मार्ट कॅमेरा, बोलणारा स्पीकर, रोबो झाडू असलं काहीबाही ऑर्डर करतात, आणि मी बॅग उचलून त्यांच्या आईवडिलांकडे फिटिंगला जाते. प्रत्येक घरातून येताना बॅग हलकी असते, डोकं जड!

*

प्रभादेवीचे सावंतकाका एकटेच. मुलाने हॉलमध्ये कॅमेरा लावून घेतलेला. कधीही जा, काका इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून खुर्चीत!

"कुठे बाहेर निघालात, काका?"

"छे गं! मुलगा बघतो ना. बनियनवर कसा बसू?"

एकदा गेले तर कॅमेऱ्याची वायरच निघालेली. "काका, हा तर बंद आहे!"

"माहीत आहे. गणपतीपासून बंद आहे."

"मग मुलाचा फोन नाही आला?"

काकांनी कॉलर नीट केली. "तू जोड. त्याला काही सांगू नकोस."

*

शीवच्या जोशीबाईंचा स्पीकर वरचेवर अडायचा. काही विचारलं की एकच, "माफ करा, मला समजलं नाही."

मी म्हटलं, "बदलून देते."

"नको गं! आमचे हेसुद्धा जन्मभर हेच म्हणायचे. फक्त माफी मागत नसत!"

*

गिरगावच्या फिलोमिना आंटीला लेकीने घड्याळ पाठवलं. माणूस पडला की ते आपोआप फोन लावतं. मुंबईत दुसरं कोणी नाही, म्हणून नंबर माझा घातला.

एक दिवस वाजला की फोन! जेवण टाकून टॅक्सीने धावले. दार सताड उघडं. आंटी टेबलाशी, समोर दोन कप!

"आंटी, तुम्ही पडलात ना?"

"नाय गो. घड्याळ जरा आपटून बघितलं. कोन येतंय का ते."

मला राग आला होता. पण चहा गरम होता आणि आंटीने दुसरा कप माझ्याकडे सरकवला. बसले.

*

भोईवाड्याच्या चाळीत पेडणेकरांकडे रोबो झाडू दिला. खोली केवढीशी! तो दहा मिनिटांत काम उरकून उघड्या दारातून गॅलरीत गेला आणि थेट शेजाऱ्यांच्या घरात! पेडणेकर मागोमाग. गेल्या वर्षी बायको गेल्यापासून माणूस कोणाच्या दारात उभा राहिला नव्हता. शेजारणीने रोबोलाही घरात फिरू दिलं आणि यांनाही पोहे दिले.

मी म्हटलं, "दाराला पट्टी लावून देते, म्हणजे बाहेर जाणार नाही."

"पट्टी कशाला? जाऊ दे की त्याला!"

*

आणि ही लालबागची परबआजी. चाळीच्या जागी टॉवर झाला, आजी वरच्या मजल्यावर गेली. मुलगा जर्मनीत, सून तिकडची, नात फक्त जर्मन बोलते. व्हिडिओ कॉलवर आजी हसायची, हात हलवायची, संपलं. म्हणून मुलाने भाषांतर करणारं यंत्र धाडलं. आपण मराठीत बोलायचं, पलीकडे जर्मन ऐकू येतं. तिकडचं इकडे मराठीत.

पहिलीच पंचाईत, यंत्राला मालवणी कळेना! आजीने पदर सावरला आणि बातम्या देणाऱ्या बाईसारखी म्हणाली, "बाळा, तू जेवलीस का?"

स्क्रीनवर नात दचकली. मग भडाभडा बोलायला लागली. यंत्र सपाट आवाजात म्हणालं, "आजी, तू इतके दिवस माझ्याशी का बोलत नव्हतीस? मला वाटलं, मी तुला आवडत नाही."

आजी माझ्याकडे वळली. "ह्या मशीन म्हणता, की चेडू?"

"तुमची नातच म्हणतेय, आजी."

आजी स्क्रीनकडे वळली. मग पुन्हा तसंच पुस्तकी मराठी, "बाळा, ते शेवटचं परत एकदा बोल." आणि हळूच मला, "आता ह्या बंद कर."

"अहो, मग तुम्हाला कळणार कसं?"

"बंद कर गो."

मी बंद केलं. नात पुन्हा बोलली, या वेळी सावकाश. आजी स्क्रीनच्या अगदी जवळ गेली आणि तिच्या ओठांकडे बघत, एकेक शब्द जुळवत, तेच वाक्य जर्मनमध्ये उलट नातीलाच म्हणू लागली.