महिला, बावीस इंची, किंचित गंज

डायनामो टायरला टेकला की आधी खर्जातली घरघर उठायची, आणि वेग वाढला की तीच मधमाश्यांच्या गुणगुणीसारखी बारीक, गोड व्हायची. दौंडच्या रेल्वे कॉलनीत दिवेलागणीला हा आवाज आला की शाळेच्या बाई शिकवणीवरून परतल्या, हे न बघताच कळे. यार्डातून येणारा डिझेलचा वास, कडुलिंबाच्या मोहराचा कडसर गोडवा, आणि त्या दोहोंमधून वाट काढत जाणारी हिरवी लेडीज सायकल. मागच्या चाकावर पदर अडकू नये म्हणून विणलेली जाळी, पुढे वेताची टोपली. बाई वेगात निघाल्या की दिवा उजळे, हळू झाल्या की मिणमिणे, थांबल्या की विझे. नवव्या वर्षी जगातले एवढे एकच यंत्र मला समजले होते आणि तेवढे पुरेसे वाटले होते.

तशी सायकल मला मिळणारच होती. वडिलांनी शब्द दिला होता. ते रेल्वेत होते, त्यामुळे उशीर ओघानेच आला. चौथीत पहिली आले तेव्हा ती सातवीनंतर येणार होती, सातवी झाली तेव्हा दहावीनंतर. दहावीला मनगटी घड्याळ मिळाले, बारावीला शिवणयंत्र आणि पदवीनंतर नवरा. तिन्ही अजून चालू स्थितीत आहेत, तक्रार नाही. मधल्या काळात वडिलांच्या उंच सायकलीच्या नळीखालून पाय घालून, अर्धी लोंबकळत, मी चालवायला शिकून घेतले होते. म्हणजे कला हाती होती, फक्त वाहन यायचे होते.

लग्नानंतर शिरूरला आले. कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवू लागले आणि मुलांना वृत्ते मोजायला लावू लागले. माझ्याकडे स्कूटर आहे. तिच्याविषयी मला काही म्हणायचे नाही; तिलाही माझ्याविषयी नसावे.

गेल्या हिवाळ्यात तांब्याचा जुना बंब शोधत मी फोनवर जुन्या वस्तूंच्या एका लिलावात शिरले आणि पुढील मजकुरापाशी थबकले: ‘महिला, बावीस इंची. जुनी परंतु भक्कम. किंचित गंज. मूळ भाग शाबूत. दीर्घकाळ एकाच मालकाकडे. आवाज करते. जशी आहे तशी.’ मजकुराचे भाषांतर यंत्राने केले असावे, कारण त्याने सायकल हा शब्दच गाळला होता. क्षणभर वाटले, घरच्यांनी परस्पर मलाच लिलावात काढले की काय.

खाली छायाचित्र होते. हिरवी. जाळी होती, डायनामो होता, टोपली मात्र नव्हती. मागे लोखंडी, ऐसपैस कॅरिअर होते. ठिकाण: दौंड. ती बाईंचीच का, हे मी विचारले नाही. ‘नाही’ असे उत्तर आले असते तर हळहळ लागली असती, ‘हो’ आले असते तर उरलीसुरली अक्कल गेली असती.

लिलाव रविवारी दुपारी चारला बंद होणार होता. तोवर एकच बोली लागली होती, पुण्यातल्या कुणाची तरी. त्या गृहस्थाने, किंवा बाईने, सगळ्यांना दिसेल असा एक प्रश्नही विचारून ठेवला होता: ‘वजन किती? कॅफेच्या भिंतीला टांगायची आहे. पुढे टोपली लावून त्यात मनीप्लांट.’ म्हणजे मी बोली लावली नाही तर ती हिरवी सायकल कायमची जमिनीपासून चार हात वर राहणार होती आणि तिच्याखाली बसून लोक महागडी कॉफी पिणार होते. आठ दिवस हातात होते. मी घरी विषय काढला.

माझे यजमान रांजणगावच्या एका कारखान्यात क्वालिटीत आहेत. वस्तूंमधली खोट शोधण्याचा त्यांना पगार मिळतो. घरी तेच काम ते विनामूल्य करतात.

“रिमवर रस्ट आहे,” चित्र मोठे करत ते म्हणाले. “चेनकव्हरला डेंट. आमच्याकडे लाइनवरच रिजेक्ट झाली असती.”

“तुमच्या लाइनवर ठेवायची नाहीये मला ती.”

“ते खरं. पण आणणार कशी दौंडहून?”

“चालवत.”

“न्हावऱ्याच्या रस्त्यानं? सीझन चालू आहे. उसाच्या ट्रॉल्या बघितल्यास का? गाणी लावून येतात, मागचं काही ऐकू येत नाही त्यांना.” फोन परत देत ते म्हणाले, “आणि मुळात कशाला?”

शेजारच्या ताईंना अधिक काळजी वाटली. त्यांनी दारातच माझा हात धरला.

“शुगर निघाली का हो, म्याडम?”

“नाही.”

“मग बीपी?”

“तेही नाही.”

“थायरॉईड तरी?” त्यांच्या स्वरात आता आर्जव होते.

“काहीच नाही हो ताई. मला हवीये, एवढंच.”

“अगं बाई,” त्या हात सोडत म्हणाल्या, “मग कशाला?”

आमच्या गावात बावन्न वर्षांच्या बाईच्या इच्छेला डॉक्टरांची चिठ्ठी जोडावी लागते, हे मला तेव्हा कळले. स्टाफरूममध्ये थोडी उदार मते होती. तिथे आजार नसेल तर पर्यावरण चालते. “मॅडम, पर्यावरण दिनाला तुमचा फोटो काढू, फलकासकट,” एक सहकारी म्हणाले. फलक नको म्हटल्यावर त्यांनीही चहाचा कप खाली ठेवून तोच शब्द उच्चारला.

‘कशाला’ हे व्याकरणात प्रश्नार्थक. पंचवीस वर्षे मी तसेच शिकवत आले. त्या आठवड्यात ते नकारार्थी असल्याचे लक्षात आले. ‘आणणार कशी’ हेही त्याचेच, इस्त्री केलेल्या कपड्यांतले रूप.

आणि प्रामाणिकपणे लिहायचे तर सर्वांत बळकट ‘कशाला’ माझ्याच आत बसलेला होता. एसटी स्टँडसमोर अकरावीच्या मुलांदेखत आपण धाडकन आडव्या झालो तर? गुडघ्याने पहिल्याच चढाला राजीनामा दिला तर? आणि याहून वाईट म्हणजे, काहीच झाले नाही तर? चाळीस वर्षे जी वस्तू नसल्याचा नाद माझ्या कानात घुमत होता, ती उद्या पार्किंगमध्ये स्कूटरशेजारी मुकाट उभी राहील. मग दिवेलागणीला मी कान कशासाठी टवकारायचे?

शेवटी मी मनाशी एक पैज लावली. ज्या प्रश्नात ‘कशाला’ दडलेला नसेल असा एक, केवळ एकच प्रश्न चारच्या आत कुणी विचारला, तर बोली लावायची. नाहीतर मनीप्लांटचा विजय असो. पैज मी हरणार, याची मला खात्री होती; पराभवाची जबाबदारी गावावर टाकण्याची ती सोय होती.

रविवार उजाडला. साडेतीनला आम्ही तिघे गॅलरीत होतो: मी फोन घेऊन, यजमान वर्तमानपत्र घेऊन आणि सासूबाई सुपात शेंगा घेऊन. सासूबाई खुटबावच्या. सासरे, म्हणजे आबा, गेल्यावर आमच्याकडे आल्या, त्याला सहा वर्षे झाली. त्या फार बोलत नाहीत; शेंग फुटल्याचा टच्च आवाज तेवढा दर क्षणाला येत राहतो.

“आई, तूच सांग हिला,” यजमान म्हणाले. “आबांनी कसा शहाणपणा केला. मोटरसायकल आली तशी सायकल भंगारात घातली.”

“घातली तर घातली,” सासूबाई म्हणाल्या. टच्च. “तिच्यावर कवा बसाया मिळालं? मागं दुधाच्या किटल्या. किटल्या बसून जायच्या डेरीला, आन् आम्ही आपलं भारा घिऊन मागनं चालत.”

“ऐकलंस?” यजमान माझ्याकडे वळले. “आईलाही नको आहे.”

क्वालिटीतल्या माणसाकडून एवढी मोठी खोट निसटावी याचे मला नवल वाटले. पावणेचार झाले होते. पुण्याची बोली तशीच वर होती, आणि माझा अंगठा बोलीच्या निळ्या बटणावर नुसताच तरंगत होता.

शेंगांचा आवाज थांबला. सासूबाईंनी हात पदराला पुसले. “बघू गं,” म्हणत त्यांनी फोन घेतला आणि दूर धरला, मग जवळ आणला. त्यांच्या बोटांना मातीचा आणि कच्च्या दाण्यांचा दुधाळ वास येत होता. बोट लागून चित्र मोठे झाले. आधी दिवा, मग जाळी, आणि मग नुसते कॅरिअर, पडदाभर. तिथे बोट थांबले. त्यांनी अंगठा आणि करंगळी ताणून त्या कॅरिअरवर अलगद वीत टेकवली.

“आई, दे तिला फोन. वेळ संपत आली,” यजमान म्हणाले. “नाहीतर राहू दे, संपू दे.”

त्यांनी मुलाकडे पाहिले नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा तो सुरकुतलेला चेहरा माझ्या कानाशी आला, आणि खुटबावात कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने आवाज खाली घेत त्यांनी विचारले,

“डबलशीट?”