बॉनेटवरची सेजल

कोरगाव–म्हापसा बसचा कंडक्टर शिवदास याच्या स्मरणशक्तीचा अख्ख्या पेडणे महालात बोलबाला होता. कोण कुठे चढलं आणि कोणाला कुठे उतरायचं आहे, हे एकदा तोंड पाहिलं की तो विसरत नसे. खिडकीला डोकं टेकून घोरणाऱ्या माणसाला तो एक वळण आधीच खांद्याला हात लावून उठवी, "उठा भाऊ, तुमचो स्टॉप इलो." एकदा एक गृहस्थ पेडण्याला उतरायला तयारच होईनात. शिवदासने त्यांना जवळजवळ ढकलूनच उतरवलं. खाली पाय लागल्यावर त्यांना आठवलं की बायको दवाखान्यात वाट बघत बसली आहे.

हे असलं डोकं घेऊन फिरणारा माणूस स्वतःच्या स्वयंपाकघरात मात्र मीठ कुठल्या डब्यात आहे ते रोज नव्याने शोधी. मीठ त्याच्या बायकोला, वैशालीला ठाऊक होतं. गेल्या पावसात वैशाली डेंगीच्या तापाने गेली आणि घर, आठ वर्षांचा गौरेश आणि पाच वर्षांची सेजल असा सगळा कारभार शिवदासच्या अंगावर आला.

त्याने घर बससारखंच चालवायला घेतलं, कारण दुसरं काही चालवलेलं त्याला माहीत नव्हतं. सकाळी शिट्टी वाजे. एक शिट्टी म्हणजे उठा, दोन म्हणजे न्हाणीत चला. तिसरी वाजली की गाडी सुटली, मग चड्डी वाटेत घाला. शेजारच्या योगिताचा म्हातारा सासरा पहिल्या आठवड्यात दर शिट्टीला दचकून उठायचा. पुढे त्यालाही सवय झाली आणि तोही दोन शिट्ट्यांवर आंघोळीला जाऊ लागला.

तिघं एकाच खाटेवर झोपत. शिवदास झोपेत ओरडे, "फुडें सरा, फुडें सरा." पोरं बिचारी झोपेतच सरकत जाऊन भिंतीला चिकटत. सकाळी गौरेशच्या एका गालावर पांढरा चुना असे.

"पप्पा, काल खाट फुल्ल होती," तो तक्रार करी.

"नाय," सेजल म्हणे, "एक शीट रिकामा होता."

त्यावर शिवदास तिसरी शिट्टी जरा लवकर वाजवी.

स्वयंपाकाचं विचारू नका. बांगड्याच्या कालवणात, हुमणात, तिरफळं घालतात एवढं त्याला आठवलं, किती ते आठवलं नाही. त्याने मूठभर घातली. पहिला घास घेऊन गौरेश पाण्याकडे धावला. सेजलने जीभ बाहेर काढून बोटाने चाचपून पाहिली आणि गंभीरपणे सांगितलं, "पप्पा, माझी जीब न्हिदली." तिघंही जिभा झोपवून ओट्यावर बसून राहिले. वैशाली असती तर हसून हसून पडली असती, हे तिघांच्याही मनात एकदमच आलं असावं, कारण तिघांनीही एकदमच ताटं सरकवली.

वेणी मात्र शिवदासला यायची. वयाच्या सोळाव्या वर्षापासून त्याने बसच्या टपावर फणस, नारळाची पोती, एकदा तर आख्खं कपाट बांधलं होतं. त्याच विद्येने तो सेजलचे केस तीन पदरांत आवळून विणी आणि रिबिनीला शेवटी टपावरची गाठ मारी. कोलवाळच्या पुलावरच्या वाऱ्याला जी गाठ दाद देत नाही, ती अंगणवाडीतल्या धुडगुसाला काय देणार? गॅदरिंगच्या दिवशी बाईंनी ती सोडायला नखं वापरली, मग सेफ्टीपिन, मग कात्रीकडे हात नेला. "बाई, कापू नकात," सेजल म्हणाली. "ती पप्पाकच सुटता." आणि ती त्या गाठीसकटच परी झाली.

हे सगळं चाललं होतं ते एका शब्दावर. वैशालीच्या बाराव्याला तिची आई विमला फोंड्याहून आली होती. विधी आटोपल्यावर सगळ्यांच्या देखत तिने नात मागितली, "झीलाची शाळा हंय आसा, तो रवांदी. पण चेडवाक माका दिया. तिचे केस विंचरूचे आसत, उद्या न्हाणार येतली. बापाय काय करतलो?" बोलताना ती सेजलकडे बघत नव्हती. सेजलचं तोंड वैशालीचंच होतं.

शिवदास म्हणाला, "मांय, वर्षसराद होयसर रवा. तोपर्यंत माझ्या हातून चेडवाक काय उणा पडला, तर तुमी येवन न्हेयात. मी एक शब्द उलवचंय नाय."

विमलाने मान हलवली. वाडीतल्या जाणत्यांनी ऐकलं. आता वर्षश्राद्ध पार पडेपर्यंत सगळं नीट गेलं असतं, तर सेजलला हात लावायची कोणाची टाप नव्हती.

अंगणवाडी दुपारी सुटे. सुरुवातीला योगिता सेजलला सांभाळायची, पण तिला तुयेच्या कारखान्यात काम लागलं. तेव्हापासून सेजल दुपारी कोरगावच्या स्टॉपवर बसमध्ये चढे आणि ड्रायव्हर बाबलीच्या बाजूला, इंजिनाच्या बॉनेटवर घडी घातलेल्या टॉवेलवर बसे. ढुंगणाला ऊब, समोर मोठी काच, कानाशी बाबलीच्या शिव्या. बाबली आता शिव्या अर्ध्या गिळू लागला होता. "तुझ्या आ..." एवढं म्हणून तो सेजलकडे बघे आणि "...जोबाचा भला होवं" असं पुरं करी. समोरून अंगावर येणारे टिपरवाले एवढे आशीर्वाद ऐकून गोंधळत.

म्हापसा, कोरगाव, पुन्हा म्हापसा. सेजल झोपे, उठे, खाजं खाई, पॅसेंजरांना दटावी. "आजये, तुझी पिशी वाटेर आसा." शिवदासचा एक नियम तिने चोख उचलला होता, पॅसेंजरची वस्तू बसमध्ये राहता कामा नये.

श्राद्ध पंधरवड्यावर आलं होतं. श्रावणाचे दिवस, बसमध्ये शेवंतीचा आणि ओल्या कपड्यांचा वास. धारगळला फुलकार चंद्रावती उतरली. तिच्या दोन टोपल्या शिवदासने स्वतः खाली दिल्या. मागून शाळेची पोरं चढली, कोणीतरी कोणाच्या पायावर पाय दिला, एक म्हातारा नसलेल्या सुट्ट्यावरून भांडू लागला. शिवदासने मनातल्या मनात बस तपासली. धारगळचे सगळे उतरले. कोलवाळचे पाच आत आहेत. बाकी म्हापसा. हिशेब जुळला. त्याने दोन शिट्ट्या वाजवल्या.

चंद्रावतीची छत्री बॉनेटला टेकून राहिली होती. ती घेऊन सेजल पुढच्या दाराने खाली उतरली होती. बाबली त्या वेळी उजव्या खिडकीतून एका टिपरवाल्याच्या आजोबांचं भलं चिंतत होता.

कोलवाळच्या पुलावर बाबलीने मान वळवली. "शिवदास, चेडू मागे इला?"

शिवदासने आधी मागे पाहिलं, मग सीटखाली पाहिलं, मग, देव जाणे का, टपाकडे पाहिलं.

बस पुलावरच थांबली. तो उडी मारून खाली उतरला, समोरून येणाऱ्या भाड्याच्या मोटरसायकलच्या पायलटला आडवा झाला आणि मागच्या पॅसेंजरला चक्क खाली उतरवून त्याच्या जागी बसला. धारगळपर्यंतच्या वाटेवर पावसाने झोडपलं. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. जगातल्या सगळ्यांचा स्टॉप आपल्याला पाठ आहे. सेजलला स्टॉपच नव्हता. ती कुठेच उतरत नव्हती, म्हणून ती हिशेबात आली नाही.

सेजल स्टॉपवर उभी होती. चंद्रावतीची मोठी काळी छत्री तिने दोन्ही हातांनी डोक्यावर धरली होती. छत्रीखाली तिने दोन अनोळखी बायकांनाही घेतलं होतं, म्हणजे त्यांनाच तिच्यासाठी वाकून उभं राहावं लागत होतं. ती रडत नव्हती. बापाला चिंब भिजलेला, धापा टाकत येताना पाहून तिला त्याचीच दया आली.

"पप्पा," ती म्हणाली, "तुझी बस चुकली?"

शिवदास तिच्यासमोर चिखलात उकिडवा बसला.

बस कितीही वेगाने चालवली तरी पेडण्यात बातमी तिच्या पुढे धावते. म्हापशाला पोचेपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. "शिवदासा, आज आपल्याच चेडवाक इसरलंस?" स्टँडवर कोणीतरी हसत म्हणालं. त्याला काही वाईट म्हणायचं नव्हतं. त्याच्या जागी शिवदास असता तर त्यानेही हेच म्हटलं असतं. फोंड्याला बातमी संध्याकाळच्या दिव्याआधी पोचली.

विमला रविवारी आली. ती भांडली नाही. येताना तिने गुळाचं खाजं आणलं होतं. तिने घर पाहिलं. ओट्यावर डब्यांना शिवदासने मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, ‘मीठ’, ‘साखर’, ‘मीठ नाय’. त्या वाचून तिला हसू आलं आणि मग तिने पदर तोंडाला लावला.

"जावयबापू," ती म्हणाली, "तुमी वायट नाय. तुमी एकटे आसात."

शिवदास म्हणाला, "पंधरा दीस उरले होते, मांय."

"म्हाका खबर आसा."

"मी इसरलंय तिका. टपारची पोती इसरना नाय मी."

विमलाने एक शब्दही सुनावला असता, तर शिवदासला भांडता आलं असतं. भांडायला त्याने रात्रभर वाक्यं जुळवून ठेवली होती. ती सगळी तशीच वाया गेली. दिलेला शब्द तिने नव्हे, त्यानेच उच्चारला. "न्हेया."

गौरेश दारात उभा होता. "मी बसतंय बसमदी तिच्याबरोबर," तो म्हणाला. "शाळा सोडतंय. माका गणित येता, मी मोजीन."

"तू आठवड्यान एकदा फोंड्याक जा," शिवदास म्हणाला. "तुका फुकट न्हेतंय."

"फुकट गेल्यार तू इसरतलंस," गौरेश म्हणाला. त्याला काही बोचरं बोलायचं नव्हतं, म्हणूनच ते जास्त बोचलं.

शिवदासने सेजलची वेणी घातली. नेहमीपेक्षा घट्ट, फोंड्यापर्यंत सुटू नये अशी. सेजल म्हणाली, "पप्पा, डोळे ताणतत." तो म्हणाला, "ताणूंदी."

म्हापशापर्यंत ती त्याच्याच बसने गेली, पण बॉनेटवर नव्हे, आजीच्या बाजूला खिडकीत, फ्रॉक पसरून, पाहुणीसारखी. शिवदास तिकिटं काढत तिथपर्यंत आला. सेजलने हात पुढे केला. त्याने हाफ तिकीट फाडून तिच्या हातात दिलं. आयुष्यातलं पहिलं तिकीट तिने दोन्ही बाजूंनी तपासलं आणि मोठ्या बाईसारखं मुठीत दाबून ठेवलं.

म्हापशाच्या स्टँडवर त्याने दोघींना पणजीच्या बसमध्ये बसवलं आणि तिथला कंडक्टर प्रज्योत याला बाजूला घेतलं. "हीं फोंड्याचीं. पणजेक उतरून फुडली बस धरतलीं. तू स्वता बसय. इसरू नाका."

"आपलं चेडू मरे," प्रज्योत म्हणाला. "इसरतलंय कसो?"

"इसरता," शिवदास म्हणाला.

संध्याकाळच्या परतीच्या फेरीला गौरेश बरोबर होता. पेडण्याला बस थांबली असताना फोन वाजला. विमला होती.

"पोचलों. जेवली. न्हाणयतंय तिका, पण ही गाठ सुटना. कात्री घेवं?"

"कात्री नाका," शिवदास म्हणाला. त्याने फोन कानाशी दाबला आणि दुसरा हात हवेत, जणू वेणी समोरच आहे. "दोन टोकां आसत. धाकटा टोक धरा. ओढू नकात. आत ढकला, मगे वयर काडा."

बसमधली माणसं त्याच्या रिकाम्या हाताकडे बघत होती. पलीकडे आजीच्या हातात वेणी असतानाच सेजलचा आवाज आला. मामाच्या मुलांना ती पाटावर बसवत असावी. "फुडें सरा, फुडें सरा, मागे जागा आसा."

"सुटली," विमला म्हणाली.

शिवदासने फोन खिशात टाकला. शिट्टी तोंडाला लावण्याआधी त्याने बॉनेटकडे पाहिलं. धारगळच्या त्या दिवसापासून त्याला ही सवय लागली होती. टॉवेल घडी घातलेला होता.

बस अर्धी रिकामी होती. गौरेश मात्र दांड्याला धरून बॉनेटशेजारी उभा होता.

"बस मरे टॉवेलार," बाबली म्हणाला. "ऊब लागतली."

"ता शीट घेतल्ला आसा," गौरेश म्हणाला, आणि कोरगाव येईपर्यंत उभाच राहिला.