बापाच्या नावावर बसायचं कसं

आमच्या कॉलेजच्या मुलींच्या कबड्डी टीमची कॅप्टन चढाईला गेली की समोरच्या संघाची कोपरारक्षक आधी तिच्या घोट्यावर झडप घालायची, आणि मग तिघी-चौघी तिच्या पाठीवर कोसळायच्या. हाडं मातीवर आपटल्याचा आवाज पहिल्या रांगेत स्पष्ट ऐकू यायचा. फक्त तो ऐकायला पहिल्या रांगेत कोणी नसायचं.

मी परळच्या त्या कॉलेजात ऑफिस सुपरिंटेंडंट आहे. कबड्डीशी माझा संबंध म्हणजे मैदानावर पाणी मारून घेणं, प्रथमोपचाराची पेटी भरलेली ठेवणं आणि खुर्च्या लावणं. या तीन गोष्टी मी चोख करत होते. खुर्च्यांवर माणसं बसवणं माझ्या कामात कधीच नव्हतं. ते संस्थेच्या अध्यक्षांमुळे माझ्या गळ्यात आलं.

अध्यक्षांचं केबिन पहिल्या मजल्यावर. त्याच्या खिडकीतून खालचं मैदान सबंध दिसतं. त्यांनी मला आणि टीमच्या कोचला वर बोलावलं. कोच म्हणजे चाळिशीची बाई, स्वतः एके काळी राज्याकडून खेळलेली. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं कधीच सरळ होत नाहीत.

"मॅडम, खाली बघा," अध्यक्ष म्हणाले. "दर मॅचला पुढच्या तीन रांगा रिकाम्या. लग्नाच्या लॉनवाले माझ्या मागे लागलेत. त्यांना देऊन टाकू मैदान."

"आणि मुली कुठे खेळणार? माझ्या घरच्या हॉलमध्ये?" कोच म्हणाली.

"वडाळ्याला मॅट मिळते भाड्याने."

"साहेब, माझ्या अर्ध्या मुली शिवडी-कॉटन ग्रीनच्या. क्लास, घरचं पाणी, धाकट्या भावंडांची शाळा, हे सगळं उरकून येतात. वडाळ्याला पाठवलं तर टीम उरणार नाही. सरळ सांगते."

अध्यक्ष वाईट माणूस नाहीत, पण त्यांना रिकामी जागा बघवत नाही. "दोन होम मॅच उरल्यात ना? पुढच्या रांगा भरून दाखवा. भरल्या तर मैदान तुमचं. नाही भरल्या तर मला परत विचारू नका."

 जिना उतरून खाली आल्यावर कोचने कठड्यावर एक लाथ मारली आणि मला म्हणाली, "खुर्च्या तुमच्या डिपार्टमेंटच्या. मुली माझ्या. दोघींनी आपापलं बघायचं."

आता त्या रांगा रिकाम्या का असायच्या ते सांगते. त्यांचे सीझन पास केव्हाच विकले गेले होते. जो सीझनचा पास घेईल त्याला कायमची खुर्ची आणि खुर्चीच्या पाठीवर हवं ते नाव, ही कल्पना उपप्राचार्यांची. माणूस आपलं नाव बघायला तरी येईल, असा त्यांचा हिशोब. पण आमच्या भागात देवळाला पंखा दिला, रस्त्यावर बाकडं दिलं, पाण्याचा कूलर दिला, तर त्याच्यावर कोणाचं नाव घालतात? पेंटरने रंगवायला घेतलं आणि ओळीने 'कै.' सुरू झालं. कैलासवासी वडील, कैलासवासी आई, एका खुर्चीवर तर कैलासवासी सासू-सासरे दोघंही, जागा पुरत नव्हती म्हणून बारीक अक्षरात.

मग त्या खुर्चीवर बसणार कोण?

लालबागच्या एक काकू प्रत्येक मॅचला यायच्या. नवऱ्याच्या खुर्चीला हात लावून नमस्कार करायच्या आणि जाऊन भिंतीपाशी उभ्या राहायच्या. पाय दुखतात म्हणून एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत सगळी मॅच तिथूनच बघायच्या. एका खुर्चीला तर पुण्यतिथीला हार घातलेला होता. लोक यायचे, नाही असं नाही. पण मागे, कडेला, जिन्यावर. वरच्या खिडकीतून बघणाऱ्याला मधोमध मोठं भगदाड दिसायचं.

मी पासवाल्यांना फोन लावायला घेतले. सकाळी हजेरीपत्रकं उरकली की दुपारच्या जेवणापर्यंत हेच काम.

"काका, तुमची सीट रिकामी असते हो."

"रिकामी कुठे? वडील आहेत ना आमचे."

"ते झालं. पण तुम्ही बसायला काय हरकत आहे?"

 मग काका अस्सल मालवणीवर आले. "गे बाय, बापाशीच्या नावार पाठ टेकून कसो बसतलंय मी? तू बसशीत तुझ्या बापाशीच्या नावार?"

 मी पुढचा नंबर लावला.

लोक ऐकत नाहीत म्हटल्यावर कोचने खेळातलाच नियम काढला. कबड्डीत सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाई करणारी बाद. "खुर्च्यांना पण हाच नियम," ती म्हणाली. "मागच्या दोन मॅच रिकामी गेलेली खुर्ची. तिसऱ्या मॅचची शिट्टी वाजली आणि मालक बसलेला नाही, तर खुर्ची बाद. आपली पोरं बसवायची." मला ते पटलं. साधं होतं, सगळ्यांना लागू होतं. मी सगळ्या पासवाल्यांना तसा मेसेज पाठवला. आमच्या ग्रुपवर सुप्रभातच्या फुलांचा इतका ढीग असतो की तो किती जणांनी वाचला असेल ते देवाला माहीत.

मॅचच्या दिवशी शिट्टी वाजली. मी वळून हात केला आणि जिन्यावर बसलेली आमची मुलं-मुली धडाधड पुढे येऊन बसली. तीन रांगा एका दमात भरल्या. मी वर खिडकीकडे बघितलं. अध्यक्ष उभे होते. मला बरं वाटलं.

बरं वाटणं पहिल्या हाफच्या मध्यापर्यंत टिकलं.

गेटमधून दोन भाऊ आले, लालबागचे. मोठा एका कुरिअर कंपनीत, धाकट्याचा टेम्पोचा धंदा. दोघं वडिलांच्या खुर्चीला नमस्कार करून मग मागे उभे राहणाऱ्यांतले. आज खुर्चीत एस. वाय.चा एक आडदांड विद्यार्थी होता. नुसता बसला असता तरी कदाचित निभावलं असतं. पण कॅप्टनने त्याच क्षणी दोन गडी टिपून मध्यरेषा गाठली, आणि हा आनंदाच्या भरात खुर्चीवर चढून नाचायला लागला. एक पाय सीटवर, दुसरा पाठीवर. बरोबर नावावर.

"ए! बापाच्या छातीवर पाय देतोस?"

एवढंच ऐकू आलं. धाकट्याने त्याला मांडीला धरून खाली खेचलं. तो तोंडावर पडला, उठला आणि उठता उठता धाकट्याच्या पोटात डोकं मारलं. मोठ्याने मागून त्याची मान धरली. त्याचे मित्र धावले. भिंतीजवळून बाकीचे पासवाले धावले, कारण आपापल्या आई-बापांवर कोण बसलंय ते आता त्यांनाही दिसलं होतं. हार घातलेल्या खुर्चीवरच्या मुलाच्या गळ्यात तोच हार होता. गंमत म्हणून घातलेला. त्याला एका साठीच्या गृहस्थांनी चप्पल काढून मारायला सुरुवात केली. चष्मा सांभाळत, शिस्तीत, पाढे म्हटल्यासारखे मारत होते.

खुर्च्या लोखंडी होत्या. त्या उडायला लागल्यावर आवाज बदलला. कोणाच्या तरी कपाळातून रक्ताची धार शर्टवर आली. मी "थांबा, थांबा" म्हणत मध्ये घुसले आणि एक खुर्चीचा पाय माझ्या कोपरावर असा बसला की बोटांपर्यंत मुंग्या आल्या. काकू भिंतीपाशी उभ्या राहून ओरडत होत्या, "मेल्यांनो, ह्यांची खुर्ची सोडा! ह्यांना लागेल!"

मैदानावर खेळ चालूच होता. पंचांना शिट्टी वाजवायचं सुचलं नाही. मग मोठ्या भावाने तुटलेल्या खुर्चीची पट्टी उचलली आणि त्या विद्यार्थ्याच्या डोक्यावर उगारली. तेवढ्यात साइडलाइनवरून कोच सुटली. ती खाली वाकली, सरळ त्याच्या घोट्यावर गेली, वाकड्या बोटांचा हात त्याच्या टाचेभोवती अडकवला आणि उलट्या दिशेला ओढ दिली. सहा फुटी माणूस पाठीवर आपटला. पट्टी लांब जाऊन पडली. कोच त्याच्या पायावर पडून राहिली, सोडेना.

 मग आमची कॅप्टन मैदानातून ओरडली, "मॅडम, बाद! सोडा आता!" आणि लोक हसले. हसल्यावर मारामारी संपते, हे मी तेव्हा बघितलं.

विद्यार्थ्याच्या भुवईला टाके पडले. धाकट्याचा दात हलला. मोठ्या भावाला मी ऑफिसात नेलं, नाकात कापूस भरला, पाणी दिलं. पोलीस आले नाहीत, कारण दोन्ही बाजूंनी कोणालाच तक्रार करायची नव्हती. बरोबरची मंडळी बाहेर एकमेकांना बर्फ देत होती.

"तुमचे वडील बसायचे का हो मॅचला?" मी विचारलं.

"बसायचे? छे!" त्याचा आवाज नाकातून येत होता. "दोरीला चिकटून उभे. पंचाच्या अंगावर धावायचे. एकदा माझ्या देखत एका माणसाला हाणलाय, मध्ये मध्ये उठतो म्हणून."

"मग खुर्चीवर त्यांचं नाव कशाला घातलंत?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "अहो मॅडम, तुम्ही विचारलंत नाव काय लिहू. आपलंच नाव कोण लिहितं, जिवंत असताना?"

हे खरं होतं. उपप्राचार्य मुलुंडला राहतात, पण मी गिरगावातली. माझ्या वाडीतल्या पाण्याच्या टाकीवर कोणाचं नाव आहे ते मला ठाऊक होतं आणि ती टाकी देणारा माणूस कोण होता तेही. मला तरी हे आधी कळायला हवं होतं.

"नाव खुर्चीवरून काढलं, वर भिंतीवर घातलं, सगळ्यांच्या डोक्याच्या वर, तर बसाल?"

"वर?" त्याने कापूस दाबून विचार केला. "वर असेल तर बसू की. बाबा वरून बघतील. मग बसायला काय?"

अध्यक्षांनी संध्याकाळी बोलावलं. "मारामारी कॉलेजच्या आवारात! मैदान गेलं असं समजा."

"रांगा भरायला सांगितल्या होत्यात," कोच म्हणाली. तिच्या हनुवटीला खरचटलं होतं. "भरल्या ना? एकाएका खुर्चीसाठी दोन-दोन माणसं होती. आणि अजून एक मॅच बाकी आहे, साहेब. तुम्ही दोन म्हणाला होतात."

 "एक," अध्यक्ष म्हणाले. "आणि रक्त दिसलं तर त्याच दिवशी लॉनवाल्यांना फोन."

मी पेंटरला परत बोलावलं. खुर्च्यांच्या पाठी घासून घेतल्या, मोडक्या वेल्डिंगला दिल्या. मैदानाच्या लांब भिंतीवर, हात पोचणार नाही इतक्या उंचीवर, पांढऱ्या पट्ट्यात सगळी नावं आली. कोणाचं आधी, कोणाचं नंतर यावरून भांडण होऊ नये म्हणून खुर्च्यांच्या क्रमानेच लावली. मग पुन्हा सगळ्यांना फोन केले. ह्या वेळी मेसेज नाही पाठवला.

शेवटची मॅच माटुंग्याच्या एका तगड्या टीमशी होती. लोक वेळेआधी आले. आत येऊन आधी भिंतीकडे बघायचे, वर हात जोडायचे आणि मग धपकन बसायचे. काकू बसल्या आणि "आई गं" असा सुस्कारा सोडला. साठीचे ते गृहस्थ, त्यांनी ज्याला चपलेने मारलं होतं त्याच्या शेजारी आले. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही, पण शेंगदाण्याची पुडी एकच होती.

पहिल्याच चढाईला माटुंग्याच्या मुलीने आमच्या उजव्या कोपऱ्यावरच्या पोरीला गुडघा मारला. मग काही विचारू नका. मुली एकमेकींवर अशा तुटून पडत होत्या की माती उडून पुढच्या रांगेतल्या लोकांच्या तोंडात जात होती. लालबागचा मोठा भाऊ बसूनच राहिला, पण बसल्या बसल्या पंचांच्या सात पिढ्या काढत होता. एकदा तो उठला तर मागून धाकट्यानेच त्याला कॉलर धरून बसवला. "बस! मागच्यांना दिसत नाही!"

अध्यक्ष दुसऱ्या हाफला खाली आले. त्यांना खुर्ची नव्हती. शिपाई आणायला धावला, पण ऑफिसातल्यासुद्धा मी आधीच बाहेर लावल्या होत्या. ते पहिल्या रांगेसमोर उभे राहिले आणि धाकटा ओरडला, "ओ साहेब! काचेचे आहात काय? खाली बसा!" अध्यक्ष दचकले. मग सुटाबुटात रेषेशेजारी, मातीवर मांडी घालून बसले.

शेवटच्या मिनिटाला बरोबरी होती. कॅप्टन चढाईला गेली. बोनसची रेषा ओलांडताना पलीकडचा खांदा सरळ तिच्या तोंडावर आला. कड् असा आवाज झाला. तो अध्यक्षांनीही ऐकला असणार, कारण त्यांनी डोळे मिटले. चौघींनी तिला दाबलं. ती त्या ढिगाखालून सरपटत, नाकातून रक्त सांडत, एक हात पुढे टाकत राहिली. मध्यरेषेवर तिची दोन बोटं टेकली तेव्हा शिट्टी वाजली. सगळे उठून ओरडले. मीही ओरडले असेन, कारण नंतर घसा बसला.

मी अध्यक्षांकडे गेले. त्यांच्या पँटला माती होती आणि बाहीवर रक्ताचे दोन ठिपके.

"साहेब, रक्त दिसलं," मी म्हणाले. उगाच लपवाछपवी कशाला.

त्यांनी बाहीकडे बघितलं. "हे खेळातलं आहे. मी खुर्चीतलं म्हणालो होतो." मग उठायला माझा हात मागितला. "लॉनवाल्यांना मी नाही म्हणून कळवतो. आणि मला पुढच्या वेळी एक खुर्ची ठेवा."

"पास घ्यावा लागेल, साहेब."

कॅप्टनला मी टॅक्सीत घालून हॉस्पिटलात नेत होते. नाकावर टॉवेल, त्यावर तिने स्वतःच बर्फ दाबलेला. नाक मोडलंय हे डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती, बाजूने दिसत होतं. शिवडी नाक्याच्या सिग्नलला टॅक्सी थांबली तेव्हा तिने टॉवेल जरा बाजूला केला.

"मॅडम, मैदान?"

"राहिलं."

तिने काच खाली केली, तोंडातलं रक्त बाहेर थुंकलं आणि टॉवेल परत नाकावर धरला.

"मग उद्या प्रॅक्टिसला उशीर होईल, कोचना सांगा."