साखळीवरची क्लिप

आमचे दाजी, नॉर्बर्ट डेलव्हो, एकतीस वर्षं मैदानाच्या कडेला उभे राहिले, पण टाळी म्हणून वाजवली नाही. खोटं कशाला बोलू, एकदा वाजवली. तेवढी एक त्यांना जन्माची पुरली.

आठवडाभर कागद गिरणीत राबायचं आणि रविवारी आमच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या सामन्यात साखळी धरायची, हा त्यांचा नेम. दोन खांब, मध्ये दहा यार्डांची साखळी. चार प्रयत्नांत चेंडू तेवढा पुढे गेला तर ठीक, नाहीतर समोरच्यांच्या हवाली. पुढचा खांब माझ्याकडे. दाजी क्लिपवाले. मैदानावर दर पाच यार्डांवर रेघ असते, त्यातल्या जवळच्या रेघेसमोर साखळीची जी कडी येईल तिला ते क्लिप लावायचे. साखळी आत नेली की क्लिप त्याच रेघेवर टेकवायची, म्हणजे माप चुकत नाही. क्लिप राहिली की सगळा अंदाजपंचे कारभार.

तिसऱ्याच वर्षी दाजींची राहिली. आमच्या एका पोराने चेंडू घेऊन अशी धूम ठोकली, की हे क्लिप हातात तशीच धरून टाळ्या पिटत बसले! पुढचं माप अंदाजाने घ्यावं लागलं. पंच सगळ्यांदेखत म्हणाला, "टाळ्या पिटायच्या तर तिकीट काढा आणि वर जाऊन बसा." साखळीवाल्याला कुणाची बाजू नसते, हे दाजींच्या हाडात शिरलं ते तेव्हापासून. माझी बहीण लोरेन म्हणते, घरात केक कापला तरी या माणसाचे हात खिशात.

दर उन्हाळ्यात नियम बदलायचे. सुरुवातीची किक कुठून मारायची, जादा गुणाची किती लांबून, एक ना दोन. दाजी प्रत्येक बदल कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवायचे आणि म्हणायचे, "दहाचे दहाच आहेत ना? मग चालू दे."

यंदाचा कागद मात्र त्यांनी घडी घालून खिशात ठेवला. यापुढे माप कॅमेरे घेणार होते. साखळी नुसती अडीअडचणीला.

"लाज वाटते गं उगाच उभं राहायची," ते लोरेनला म्हणाले. "पण सोडून तरी कसं जाऊ? ते बरोबर मोजतं की नाही, कुणाला ठाऊक?"

आमच्या नेहमीच्या बारचा मालक विल्मर तर टपलेलाच. "काय नॉर्बर्ट, बुजगावण्याला हल्ली काय देतात रे?" मी त्याचे दात घशात घालणार होतो, दाजींनी बाही धरली म्हणून वाचला मेला.

तरी दर वेळी दाजी वाकून क्लिप लावायचेच. मी एकदा वैतागलो. "दाजी, गुडघे गेलेत तुमचे. कोण बघतंय इथे?"

"मी बघतोय की," ते म्हणाले.

डिसेंबरातला शेवटचा सामना. बर्फ पडत होता. जिंकलो तर बाद फेरी, नाहीतर घरी. शेवटचं मिनिट, आमचा चौथा प्रयत्न. खेळाडूंचा ढीग पडला आणि चेंडू त्या ढिगाखाली. पंचाने कानातलं यंत्र दाबलं, मान हलवली आणि चक्क आमच्याकडे बोट केलं. कॅमेऱ्यांचं माप त्याच्यापर्यंत पोचतच नव्हतं!

आम्ही साखळी आत नेली. दाजी गुडघ्यावर बसले, उघड्या हाताने बर्फ बाजूला केला, रेघ दिसली तशी तिच्या कडेवर क्लिप टेकवली. मी साखळी ताणत आलो. चेंडू दोन बोटं कमी. मनगट जरा सैल सोडलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

"रॉय," दाजी मान वर न करताच म्हणाले, "ताण."

मी ताणली. हरलो. वर बसलेल्यांकडून बर्फाचे गोळे आले, एकाने दाजींची टोपी उडवली. त्यांनी ती झटकली आणि साखळी गुंडाळायला घेतली.

विल्मरकडे गेलो तर सुतक पडलेलं. तो ग्लास आपटून म्हणाला, "दोन बोटं मिळाली नाहीत तुला? या गावाचं मीठ खाल्लंस ना रे?"

तेवढ्यात टीव्हीवर सांगितलं, कॅमेऱ्यांची चित्रं नंतर हाती आली, तेव्हा त्यांचंही माप निघालं. पडद्यावर चेंडू, रेघ आणि मधलं अंतर. दोन बोटं. केसाचाही फरक नाही.

दाजींनी खिशातून हात बाहेर काढले आणि टाळ्या वाजवायला लागले.

"हरलो आपण," विल्मर ओरडला, "आणि टाळ्या कसल्या वाजवतोस?"

"यंत्राला वाजवतोय. बरोबर मोजतंय पोरगं." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "आता सोडतो रे मी."

अभिमानाने ऊर असा भरून आला, की काय सांगू! मीही टाळ्या वाजवायला लागलो. माझ्या टाळ्या काही यंत्रासाठी नव्हत्या. थोड्या वेळाने विल्मरनेही हातातला ग्लास खाली ठेवला.